मंगळवारच्या खोक्यातली नऊ नावं

पोर्ट हॅलोरन,
१४ मार्च २०१०

प्रिय रो,

पेपरातला तुझा फोटो पाहिला. पांढरा कोट तुला शोभतो. केस मागे बांधायला नको होते, कान फार दिसतात. पण ते सांगायला मी तिथे नव्हते.

एडनाआत्यानं लेकीचं कात्रण कापून फ्रिजवर लावलंय. स्वतःच्या नव्हे, माझ्या. म्हणाली, "तुझ्याकडे चार माणसं येतात, थी, माझ्याकडे कोण बघणार?" त्यामुळे आता दूध काढायला गेलं की आधी तुझं तोंड दिसतं.

तुझा लेख मी तक्त्यांसकट वाचला. माझी डिग्री अजून शाबूत आहे. चार मायक्रोआरएनए, रक्ताची एक नळी, आणि स्वादुपिंडाचा कॅन्सर पोटात दुखायच्या आधी कळणार. मोठंच काम केलंस. शेवटी आभारात बारीक अक्षरांत मीही सापडले, 'टी. लिनार्ड'. लीनर्ट गं. तुझ्या आईचं माहेरचं नाव आहे ते, निदान तुझ्या हातून तरी चुकू नये. दोन वर्षं इथल्या दवाखान्यात पेशंटच्या शिरा शोधून मी तुला रक्त पाठवलं. बेथ कार्टरची शीर तर मरायच्या आधल्या आठवड्यात मला तीनदा टोचल्यावर मिळाली होती.

प्रोफेसरांना नमस्कार सांग, मी त्यांना आठवत असेन तर. सोळा वर्षांपूर्वी त्यांच्या प्रयोगशाळेत जागा माझी पक्की झाली होती. बाबांना अर्धांगवायू झाला, मी इकडे आले आणि ती खुर्ची तुला मिळाली. त्यात तुझा काही दोष नाही, हे मी वर्षातून एकदा स्वतःला समजावते. या वर्षीचं समजावून झालं.

आत्या विचारते, मायक्रोआरएनए म्हणजे काय? मी सांगितलं, रो सांगेल.

तुझी,
थी

*

ॲडलेड,
२८ मार्च २०१०

प्रिय थी,

आडनावाबद्दल खरंच माफ कर. ते टाइप करणाऱ्या मुलीनं केलं आणि माझ्या नजरेतून सुटलं.

आईला असं सांग: प्रत्येक पेशीत कामांची एक मोठी यादी असते. मायक्रोआरएनए म्हणजे त्या यादीवर मारलेली बारीकशी खूण, 'हे काम आता थांबवा' अशी. पेशी या खुणांचे तुकडे रक्तात टाकत असते. कॅन्सर झालेली पेशी वेगळ्या खुणा टाकते, जास्त टाकते. आपण रक्तात त्या मोजायच्या. तिला कंटाळा येईल, माहीत आहे मला. मी फोन केला की ती तीन मिनिटं हवामानावर बोलते आणि मग, "थीकडे जायचंय, ठेवते." रविवारी तुमच्याकडे काय काय होतं ते मला सगळं माहीत असतं. आजीचा जर्मन केक तिनं तुला शिकवला. मी दोनदा विचारलं तर म्हणाली, तुला कुठे वेळ आहे. मला वेळ होता, थी.

असो. आता कामाचं. चाचणीचा दुसरा टप्पा मे महिन्यात सुरू होतोय. पंचावन्नच्या वरची, धडधाकट, काहीही त्रास नसलेली माणसं हवीत. निम्मी इथली, संस्थेतलीच; वरच्या मजल्यावर हात पुढे केला की झालं. निम्मी तुमच्या भागातली. ज्यांचा आकडा रेषेच्या वर जाईल त्यांना स्कॅनसाठी बोलावणार. तू करशील ना? तुझ्याइतका हात कुणाचाच बसत नाही, हे प्रोफेसरही म्हणतात.

एक विनंती. मागच्या वेळी तू फॉर्मच्या कडेला शेरे लिहिले होतेस. या वेळी नुसत्या चौकटी भर. कॉम्प्युटरवर चढवताना त्या शेऱ्यांना जागा नसते.

तुझी,
रो

*

पोर्ट हॅलोरन,
२ जून २०१०

प्रिय रो,

झालं तुझं काम. फुटबॉल क्लबच्या हॉलमध्ये चार मंगळवार बसले. एकशे बारा माणसं आली. निम्मी तुझं नाव पेपरात वाचून, उरलेली आत्यानं दारोदार फिरून आणलेली. ती बाहेर खुर्ची टाकून बसायची आणि येईल त्याला सांगायची, "ही माझ्या मुलीची चाचणी." आत टोचत होते ती मी, पण ती मुलगी मी नव्हे.

मर्व्ह ट्रेझीस पहिल्या मंगळवारी आला नाही, सुईला घाबरतो. चाळीस वर्षं धान्याच्या कोठारांवर चढला, शनिवारी गुणफलकावर चढून आकडे लावतो, पण सुई नको. तिसऱ्या मंगळवारी बायको बेव्ह त्याला दंडाला धरून घेऊन आली. म्हणाला, "थी, माझं रक्त घेतलंस तर लक्षात ठेव, त्यात निम्मी बिअर आहे." मी म्हटलं, मग बाटलीत भरते. हसता हसता त्याचं काम होऊन गेलं.

कुरिअरवाल्या डॅरिलच्या गाडीनं नळ्या दर वेळी रवाना केल्या. तिसऱ्या मंगळवारी पूल दुरुस्तीला बंद होता, म्हणून तो खाणीच्या कच्च्या रस्त्यानं गेला. सत्तर किलोमीटर पन्हाळी पत्र्यावरून गेल्यासारखं वाटलं म्हणाला, दात दुखले.

चौकटी भरल्या आहेत. शेरे नाहीत.

थी

*

ॲडलेड,
२० जून २०१०

प्रिय थी,

पाय जमिनीवर नाहीत माझे. आकडे आले. संस्थेतल्या शंभरात एकही रेषेच्या वर नाही, आणि तुमच्या एकशे बारांत नऊ. नऊ, थी. प्रोफेसर म्हणाले, तुमच्या बहिणीच्या गावच्या पाण्यात आहे तरी काय?

नऊ जणांची यादी सोबत जोडली आहे. डॉक्टरांमार्फत पत्रं जातीलच, पण ती तुझी माणसं आहेत. कुणी घाबरलं तर तू जवळ असावीस. मर्व्हचं नाव त्यात आहे. त्याचा आकडा सगळ्यांत वरचा.

डिसेंबरात क्योतोच्या परिषदेत मुख्य भाषण माझं ठरलंय. आईला सांग. मी सांगितलं तर ती विचारेल, तिकडे थंडी असते का.

रो

*

ॲडलेड,
१७ ऑगस्ट २०१०

प्रिय थी,

दोन महिने झाले, तुझी एक ओळ नाही. आई म्हणते तू बरी आहेस, फक्त कमी बोलतेस. माझ्यावर रागावली आहेस का? क्योतोमुळे? तसं असेल तर स्पष्ट सांग, आपण आता लहान नाही.

बातमी आहे. नऊपैकी आठांचे स्कॅन साफ आले. आकडे मात्र वर आहेत, तेव्हा दर सहा महिन्यांनी बघत राहणार. मर्व्हच्या स्वादुपिंडाच्या शेपटीकडच्या टोकाला पाण्याची एक छोटी गाठ दिसली. अशा गाठी उतारवयात बऱ्याच जणांना असतात, एरवी नुसती नजर ठेवली असती. पण त्याचा आकडा बघून सर्जन म्हणाले, थांबायला नको. तीस तारखेला ऑपरेशन. आपली चाचणी नसती तर तो दोन वर्षांनी पिवळा होऊन आला असता. या एका माणसासाठी सगळी वर्षं सत्कारणी लागली असं वाटतं.

लिही गं.

रो

*

पोर्ट हॅलोरन,
२६ सप्टेंबर २०१०

रो,

मर्व्ह घरी आला. स्वादुपिंडाचा तिसरा हिस्सा काढला. काढलेला तुकडा साफ निघाला, हे तुला कळलंच असेल. गाठ साधी होती. आता त्याला साखरेचा आजार जडलाय. सुईला घाबरणारा माणूस दिवसातून चारदा पोटात सुई टोचून घेतो, बेव्ह टोचते आणि तो भिंतीकडे बघतो. चौदा किलो उतरलाय. या शनिवारी फायनल होती. गुणफलकावर दुसराच कुणीतरी चढला.

आता मी जे लिहिते ते एका दमात वाच.

तू यादी पाठवलीस त्या दिवशी मी ती माझ्या वहीशी ताडून पाहिली. नऊच्या नऊ माणसं तिसऱ्या मंगळवारची. पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या मंगळवारचं एकही नाही. कॅन्सर वार बघून येत नाही, रो. ते खोकं कच्च्या रस्त्यानं गेलं होतं.

आमच्याकडे खोल गोठवायची सोय नाही, म्हणून आम्ही रक्त तसंच पाठवतो, तुम्ही तिथे यंत्रात फिरवून वरचं पाणी, सिरम, वेगळं करता. गाडीत रक्त घुसळलं की लाल पेशी फुटतात. सिरम गवताच्या काडीसारखं पिवळट असायला हवं, ते गुलाबी होतं. लाल पेशींच्या पोटातही मायक्रोआरएनए ठासून भरलेले असतात. तुमचं यंत्र ते मोजतं. यंत्राला काय माहीत, ते गाठीतून आले की रस्त्यातून. पहिल्या टप्प्यातही असंच झालं असणार. तुमचे आजारी लोक आमच्यासारख्या गावांतले, तीनशे-चारशे किलोमीटर हादरत आलेले. तुमचे धडधाकट लोक वरच्या मजल्यावरचे.

हे माझ्या जूनमध्येच लक्षात आलं होतं. तुझं ऑगस्टचं पत्र आलं तेव्हा ऑपरेशनला अकरा दिवस होते. मी पत्र कपड्यांच्या कप्प्यात ठेवलं. स्वतःला म्हटलं, गाठ खरी आहे ना, मग सर्जन काय ते बघून घेतील. म्हटलं, चौकटीच भर असं मला सांगितलंय ना. पण खरं कारण ते नव्हतं. तू क्योतोला, भरल्या सभागृहात उभी आहेस आणि मागच्या रांगेतून कुणीतरी उठून विचारतंय, 'सिरमचा रंग कोणता होता?' हे चित्र मी रोज रात्री मनात बघत होते, आणि मला छान झोप लागत होती. मर्व्ह त्या चित्रात नव्हता. मी त्याला त्यात येऊच दिलं नाही.

सोबतच्या डब्यात दोन नळ्या आहेत. कोळंबीच्या कारखान्यातून सुका बर्फ मागून आणला. दोन्हींत माझंच रक्त, एकाच दिवशी, एकाच हातातून घेतलेलं. एक मी लगेच फिरवून गोठवलं. दुसरं डॅरिलबरोबर खाणीच्या रस्त्यानं जाऊन आलं, मग फिरवलं. कोणती कुठली ते लिहिलेलं नाही. तुझी चाचणी लाव.

थी

*

ॲडलेड,
३ ऑक्टोबर २०१०

थी,

डबा मिळाला. उघडलेला नाही.

सोळा वर्षं तुला हेच हवं होतं. मी ती खुर्ची हिसकावून घेतली नव्हती, तू उठून गेलीस तेव्हा ती रिकामी होती. मी तिथे बारा-बारा तास बसून काम केलं, लग्न मोडेपर्यंत बसले. तू माझ्या आईला घेतलंस, रविवार घेतलेस, आता हेही घे.

आणि मर्व्हचं माझ्या माथी मारू नकोस. अकरा दिवस तुझ्याकडे होते.

रो

*

ॲडलेड,
७ नोव्हेंबर २०१०

थी,

डबा पंधरा दिवस गोठणपेटीत तसाच पडून होता. प्रोफेसर गावाला गेले तेव्हा एका रविवारी मी एकटीनं नळ्या काढल्या. एका नळीनं सांगितलं, ही बाई ठणठणीत आहे. दुसरीनं सांगितलं, हिला स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे, मर्व्हहून वरचा आकडा. दोन्ही तूच.

मग मी पहिल्या टप्प्यातले कागदी फॉर्म तळघरातून वर आणले. तुझे शेरे मोजले. एकोणीस आहेत. 'सिरम बहुधा गुलाबी येईल, गाडी तापली होती.' 'नळी पुन्हा घ्यावी का, कळवा.' 'कुणीतरी रंग तपासतंय का?' हे सगळे मी तेव्हा वाचले होते, थी. आडनावाचं मी टाइप करणाऱ्या मुलीवर ढकललं, पण शेऱ्यांचं तिनं येऊन मला विचारलं होतं, हे कुठे भरू? मी म्हटलं, सोडून दे. मला वाटलं, तू हटकून खोड काढतेस, इथे नाहीस म्हणून कडेला उभी राहून चुका दाखवतेस. तुझं अक्षर दिसलं की माझं डोकं फिरायचं, कारण ते अजून इथल्या कुणाहीपेक्षा हुशार बाईचं अक्षर होतं. मग मी तुला लिहिलं, शेरे नकोत.

जपून ठेवलेल्या सगळ्या नळ्या पुन्हा पाहिल्या, या वेळी आधी रंग, मग आकडा. चारपैकी तीन मायक्रोआरएनए निव्वळ फुटलेल्या लाल पेशींतले आहेत. चौथा कळत नाही. गुलाबी नळ्या बाजूला काढल्या तरी आजाऱ्यांत तो थोडा वर राहतो. थोडाच. कदाचित तोही विरघळून जाईल.

प्रोफेसर म्हणाले, क्योतो होऊ दे, मग शांतपणे बघू. मी म्हटलं, बाकीच्या आठ जणांना दर सहा महिन्यांनी स्कॅनला बोलावतोय आपण. ते रोज काय विचार करत झोपत असतील? ते म्हणाले, तुम्ही थकला आहात. परवा मी लेख मागे घेत असल्याचं मासिकाला कळवलं. क्योतोलाही नकार कळवलाय. पुढच्या वर्षी मी इथे असेन की नाही, सांगता येत नाही.

२७ तारखेला, शनिवारी, मी पोर्ट हॅलोरनला येतेय. क्लबचा हॉल सांगून ठेव. एकशे बाराही जणांना बोलाव. मी तोंडानं सांगणार, पत्रानं नाही.

रो

*

पोर्ट हॅलोरन,
२१ डिसेंबर २०१०

प्रिय रो,

तू त्या रात्रीच निघालीस, म्हणून पुढचं तुला माहीत नाही. तेच सांगायला बसले आहे.

आधी हॉलचं. मी शेवटच्या रांगेत बसले होते, तू पाहिलंस. तू हातात कागदसुद्धा घेतला नव्हतास. सांगितलंस, माझी चाचणी चुकली. जे मोजलं ते आजाराचं नव्हतं, रस्त्याचं होतं. त्या आठ जणांची नावं न घेता म्हणालीस, तुम्हांला आता बोलावणं येणार नाही, तुम्हांला काही झालेलं नाही. मागे आयरीन होल्ट रडायला लागली. तिनं जुलैत तिचे घोडे वाटून टाकले होते, माहीत होतं तुला?

मग मर्व्ह उठला, खुर्चीची पाठ धरून. विचारलं, "आधी कुणाला माहीत होतं?" मी खाली बघितलं. तू म्हणालीस, "माझ्याकडे नोंदी होत्या. मी त्या बाजूला टाकल्या." नोंदी कुणी लिहिल्या ते सांगितलं नाहीस, आणि त्या कुणी लिहायच्या थांबवल्या तेही नाही. मग तो बसला. नंतर लोकांनी तुला चहा दिला. तुझ्याशी चार वाक्यं बोलायला रांग लागली होती. कुणी कठोर बोललं, कुणी हात धरला. आत्या तुझ्या शेजारून हलली नाही. तिनं तुझी पर्स मांडीवर धरून ठेवली होती, तू शाळेत होतीस तेव्हा दप्तर धरायची तशी. मी कप विसळत होते.

रो, मला तिथेही तुझा हेवा वाटला. सगळं गमावून उभी होतीस आणि हॉलभर लोक तुझ्याकडे बघत होते. मला वाटलं, हेसुद्धा हिलाच मिळालं. मला चांगलं असं काही वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

दोन दिवसांनी, सोमवारी, मी मर्व्हकडे गेले. तो मागच्या अंगणात टोमॅटोला काठ्या बांधत होता. मी सगळं सांगितलं. यादी, मंगळवार, कप्प्यातलं पत्र. तो काठी बांधतच राहिला. मग म्हणाला, "किती दिवस होते?"

"अकरा."

"अकरा दिवसांत तू मला दुकानात भेटली होतीस. मी म्हटलं होतं, घाबरलोय. तू म्हणालीस, सगळं ठीक होईल."

हे मी विसरले होते. खरंच विसरले होते, रो. त्याच्या तोंडून ऐकेपर्यंत.

"का गं?" त्यानं विचारलं.

"मला रोचं वाईट व्हायला हवं होतं."

तो म्हणाला, "मग तिचं करायचंस." आणि बेव्हला हाक मारली, इन्शुलिनची वेळ झाली होती. मी फाटकातून बाहेर आले तेव्हा बेव्ह दारात होती. तिनं सगळं ऐकलं असावं. तिनं दार लावून घेतलं.

त्यानंतर गावात आपोआप कळलं. दवाखान्यातही कळलं. मुख्य नर्सनं बोलावून विचारलं, मी नाकारलं नाही. चौकशी होईल, तोवर मी रक्त घेते, पण कुणी म्हणालं दुसरी हवी तर दुसरी येते. मर्व्ह गुरुवारी साखर तपासायला येतो तेव्हा दुसरी येते. मी पाठीमागच्या खोलीत जाऊन नळ्यांना लेबलं लावते. भिंत पातळ आहे, त्याचा आवाज ऐकू येतो. तो आता सुईवर विनोद करत नाही.

आत्यालाही मीच सांगितलं. रविवारी नेहमीसारखी आली, जेवली, आणि जाताना तुझ्यासाठी केकची कृती माझ्याकडून स्वतःच्या हातानं उतरवून घेतली. सोबत पाठवते आहे. लोणी तिनं लिहिलंय त्याहून थोडं कमी घाल.

हॉलमधली त्रेचाळीस माणसं पुन्हा रक्त द्यायला तयार आहेत. आयरीनही. फिरवायचं यंत्र दवाखान्यात आहेच, कारखाना सुका बर्फ देईल. टोचायला ते मला सांगतील असं वाटत नाही, पण रंग बघून लिहायला कुणीतरी लागेल. तुझी नोकरी राहिली, किंवा दुसरीकडे कुठे लागली, तर कळव.

आणि त्या चौथ्या मायक्रोआरएनएचं काय झालं तेही लिही. तो खरा निघाला तर तुझं नाव पुन्हा पेपरात येईल. तसं झालं तर मला आनंद होईल असं मी आत्ता लिहू शकत नाही. खोटा निघाला तर होईल, असंही नाही. बेथ कार्टरची नळी पहिल्या टप्प्यात होती, आणि ती गुलाबी नव्हती. पाठवायच्या आधी मी ती इथेच फिरवून पाहिली होती. तेव्हा कळव.

थी